चोपन्न पायऱ्या



बरेच दिवस लिहिणे झाले नाही. देगलूर-नांदेड अशा खेपाच इतक्या झाल्या की घरी आल्यावर लिहायला बसायचे त्राण राहत नव्हते. आता ते काम मार्गी लागले आहे, म्हणून आज सगळे सांगते. काम म्हणायला घराच्या अदलाबदलीचे होते. पण त्यात माझीही एक चूक आहे, आणि ती न सांगता नुसती कागदपत्रांची यादी दिली तर ते खोटेपणाचे होईल.

आमचे राहते घर देगलूरला. दुकानही इथेच. पण १९९६ साली मामंजींनी नांदेडला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर घेतले होते. मुलांची शिक्षणे होतील, पुढे म्हातारपणी दवाखाना जवळ राहील, असा त्यांचा विचार. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्या वेळी वरचा मजला म्हणजे वारा चांगला आणि किंमत थोडी कमी, एवढेच पाहिले गेले. पन्नाशीतल्या माणसाला पायऱ्या दिसत नाहीत.

मामंजी २०२१ मध्ये गेले. त्यानंतर आत्याबाई धाकट्या भाऊजींबरोबर त्याच घरात राहिल्या. मग भाऊजींची बदली पुण्याला झाली. आम्ही म्हटले, देगलूरला चला. भाऊजी म्हणाले, पुण्याला चला. आत्याबाईंनी दोघांनाही नाही म्हटले. त्यांचे मंदिर नांदेडच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. तिथला बायकांचा स्वाध्याय आहे. पंचवीस वर्षांच्या ओळखी आहेत. या वयात नवे गाव नको, असे त्यांचे म्हणणे.

खरे तर गाव बदलण्याबद्दल आत्याबाईंइतका अनुभव आमच्या घरात कुणालाच नाही. त्यांचे माहेर बिचकुंद्याचे. त्या जन्मल्या तेव्हा बिचकुंदा देगलूर तालुक्यात होते आणि देगलूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, देगलूर इकडे आले आणि बिचकुंदा-जुक्कलचा भाग आंध्रात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. त्या हसून म्हणतात, "माझं माहेर जागचं हललं नाही, पण त्याचं राज्य बदलत गेलं. मलाच काय ते एका जागी राहू द्या."

राहू द्यायला आमची ना नव्हती. अडचण गुडघ्यांची होती. तळापासून त्यांच्या दारापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. मी मोजल्या आहेत, कारण त्या उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात आणि मी खालच्या पायरीवर उलटी उभी राहून त्यांचा हात धरते. उतरायला वीस मिनिटे, चढायला अर्धा तास. आणि त्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे, आपल्यापैकी अनेकींच्या घरी तो आहे: देवदर्शनाशिवाय अन्न नाही.

पडायची भीती वाढली तेव्हा डॉक्टरांनी पायऱ्या बंद करायला सांगितले. त्यांनी ऐकले, पण आपल्या पद्धतीने. घरात बसून जाप करीन, पण ज्या दिवशी मंदिराचे दर्शन चुकेल त्या दिवशी मिठाचा त्याग. रसत्याग आपल्याला नवा नाही, पर्वात आपण करतोच. पण ते पर्वापुरते. इथे महिन्यातले वीस-बावीस दिवस अळणी जेवण होऊ लागले. मी नांदेडला गेले की वरण-भाकरी वाढायची, आणि त्या काही न बोलता खायच्या. मला माझ्या ताटातले मीठ लागायचे नाही.

२०२३ च्या अक्षय तृतीयेला मी तिथेच होते. भगवान आदिनाथांच्या पारण्याचा दिवस, म्हणून उसाचा रस घेऊन तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "खाली गाड्यांचा इतका आवाज, पोराचा अभ्यास होत नाही. दोन वर्षांनी बारावी. तुमचं घर किती शांत आहे हो." आत्याबाई म्हणाल्या, "मग घ्या हे. तुमचं मला द्या." त्या गंमतीत म्हणाल्या होत्या. पण मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिले.

दोन्ही घरे सारख्याच मापाची. दोघीही त्याच संस्थेच्या. मला वाटले, सामानच काय ते वरखाली करायचे. आठवड्याचे काम! त्या आठवड्याला चौदा महिने लागले.

आधी एक गोष्ट मला समजून घ्यावी लागली, ती तुम्हालाही सांगते. आपण म्हणतो 'आमचा फ्लॅट', पण सहकारी संस्थेत कागदावर आपल्याजवळ असतात ते संस्थेचे भाग. मामंजींच्या फायलीत ते भाग प्रमाणपत्र सापडले: पन्नास रुपयांचा एक, असे पाच भाग. अडीचशे रुपयांचा पिवळा पडलेला कागद. त्या भागांबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क येतो. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली, आणि तिथून ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर पसरली. म्हणजे घर बदलायचे तर चावी बदलून भागत नाही. आधी सभासद कोण, हे ठरावे लागते.

आणि आमचे सभासद तर दोन वर्षांपूर्वी वारले होते. कुणी काही बदललेच नव्हते. मेंटेनन्सच्या पावत्या अजून मामंजींच्या नावाने येत होत्या आणि त्या पाहून आम्हाला बरेच वाटायचे.

सचिवांनी जुने दप्तर काढले. मामंजींनी नामनिर्देशन भरले होते आणि त्यात एकच नाव होते, यांचे. थोरला मुलगा म्हणून. सचिव म्हणाले, "मग काय, सोपं आहे. तुमच्या नावावर करून घ्या आणि अदलाबदल करा."

मैत्रिणींनो, इथे माझी चूक आली.

हे म्हणाले, "भावाला आणि बहिणींना विचारायला हवं." आणि मी म्हटले, "कशाला? मामंजींनी तुमचं नाव लिहिलंय. एवढं विचारत बसलो तर आत्याबाई वरच राहतील." तोंडावर आत्याबाईंचे नाव होते. पण मनात दुसरेही होते. दोन्ही नणंदांची लग्ने थाटात झाली, त्यांना त्यांचे मिळाले, मामंजींच्या आजारपणात देगलूर-नांदेड मीच केले, मग घर आमच्याकडे आले तर काय बिघडले? हा हिशेब मी कितीदा केला असेन, सांगता येणार नाही. भाकऱ्या थापताना केला, एसटीत केला, माळ हातात असतानासुद्धा केला.

ह्यांनी माझे ऐकले. मे महिन्यात एकट्याच्या नावाने अर्ज दिला.

कायदा काय आहे ते मला नंतर कळले. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले, त्यात हे स्पष्ट आहे: सभासद वारल्यावर संस्था नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. आणि वारस कोण ते वारसा कायदा ठरवतो. आपल्या जैनांनाही १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर स्वतः कमावलेल्या मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. म्हणजे त्या घरात पाच वाटे होते: आत्याबाई, हे, भाऊजी, थोरल्या वन्सं आणि धाकट्या वन्सं. मुलीच्या लग्नात काय खर्च केला, ते कुणी वजा करत नाही.

आमचा अर्ज मात्र पुढे सरकला नाही. संस्थेच्या समितीची मुदत संपलेली, निवडणूक झालेली नाही, सही कोण करणार यावर वाद. जून गेला, जुलै गेला. मी समितीला नावे ठेवत राहिले. आणि या दिवसांत कुणाकडून तरी उदगीरला बातमी पोचली की देगलूरकरांनी नांदेडचे घर गुपचूप आपल्या नावावर करायला टाकले आहे.

उदगीरला आमच्या थोरल्या वन्सं राहतात. त्या भांडल्या नाहीत. फोन करायच्या बंद झाल्या, एवढेच. राखीला पाकीट आले, त्यात राखी होती, चिठ्ठी नव्हती. दरवर्षी असायची.

काकू तिकडे विचारत होत्या, "होतंय ना?" त्यांना दुसऱ्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरचे घर मिळत होते. पण त्या म्हणाल्या, "आजींना शब्द दिलाय. दिवाळीपर्यंत थांबते." आमच्यात लिखापढी काहीच नव्हती.

मग दशलक्षण पर्व आले. दहा दिवस मी नांदेडला आत्याबाईंजवळ राहिले. त्यांना मंदिरात जाता येत नव्हते, म्हणून तत्त्वार्थसूत्राचा रोजचा अध्याय मी घरीच त्यांना वाचून दाखवायची, आणि शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. तो मी किती वर्षे ऐकत आले आहे. त्यात अचौर्य व्रत दृढ होण्यासाठी पाच भावना सांगितल्या आहेत. त्यांपैकी तिसरी परोपरोधाकरण. म्हणजे आपण जिथे राहतो तिथे दुसऱ्याला अडवू नये, ही जागा माझी, तू येऊ नकोस असे म्हणू नये. आणि पाचवी सधर्माविसंवाद, आपल्याच साधर्मी माणसांशी 'हे माझे, हे तुझे' असा वाद करू नये. या भावना मुनींसाठी सांगितल्या आहेत हे मला माहीत आहे. रिकाम्या किंवा सोडून दिलेल्या जागेत राहणाऱ्यांसाठी. पण घराचा विषय आचार्यांनी चोरीच्या व्रताखाली का घेतला असेल, हे मी तोवर कधी मनात आणले नव्हते. आणि पुढे त्याच अध्यायात गृहस्थाच्या परिग्रह-परिमाणाचे अतिचार येतात. त्यात पहिली जोडीच क्षेत्र आणि वास्तू. शेत आणि घर. सोने-चांदी त्यानंतर.

मी वाचता वाचता थांबले. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटले, चष्मा पुसते.

रात्री मी त्यांना सगळे सांगितले. अर्ज एकट्याच्या नावाने कसा दिला, तो कुणी सुचवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "थोरलीला दोन वर्षांचा पगार होता, ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हते. थोरल्या वन्सं लग्नाआधी शाळेत शिकवायच्या एवढे माहीत होते. १९९६ साली हप्त्यांना पैसे कमी पडले तेव्हा त्यांचा दोन वर्षांचा पगार त्या घरात गेला होता. त्यांचे लग्नही त्यामुळे एक वर्ष पुढे ढकलले होते. मामंजींनी पुढे पैसे परत द्यायचे म्हटले, तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. आणि ही गोष्ट पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही बोलून दाखवली नव्हती. मी मात्र त्यांच्या लग्नातल्या भांड्यांचा हिशेब करत होते.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांनाच फोन करतो, संदेश पाठवतो. एकच मजकूर शंभर जणींना. मीही पाठवतेच. पण त्या दिवशी मी उदगीरची बस धरली. वन्सं दारातच होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटले, "अर्ज यांनी दिला पण सांगितलं मी. मला क्षमा करा." त्या म्हणाल्या, "आत तर ये." पाणी दिले. मग म्हणाल्या, "मला घर नको गं. तुम्ही विचारलं असतं तर मी त्याच दिवशी सही केली असती. न विचारता घेतलंत, म्हणून नको वाटलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता लगेच मात्र सही मागू नकोस. मन निवळू दे."

मी मागितली नाही. निघताना त्यांनी डब्यात धपाटे बांधून दिले. मीठ वेगळ्या पुडीत होते, आणि धपाटे अळणी. त्यांनाही कळले होते.

देगलूरला आल्यावर ह्यांनी तो अर्ज मागे घेतला. वकील म्हणत होते की तीन महिने संस्थेने काहीच कळवले नाही, तर कायद्याने तुम्ही सभासद झाल्यातच जमा आहात, त्याचा फायदा घ्या. आम्ही घेतला नाही.

दिवाळीला, निर्वाण लाडू चढवून झाल्यावर, चारही भावंडे नांदेडच्या घरात जमली. मामंजी गेल्यावर पहिल्यांदाच. काय करायचे ते आत्याबाईंना विचारले. भाऊजी म्हणाले दादाच्या नावावर राहू दे. ह्यांनी मान हलवली नाही. थोरल्या वन्सं म्हणाल्या, "आईचं नाव कुणी घेतच नाही. घरात ती राहते ना?" आणि तेच ठरले. चौघांनी आपापले हक्क आईच्या नावे सोडायचे. डिसेंबरात दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदले गेले. वन्संनी सही केली, अंगठा दिला आणि शाई पुसत मला म्हणाल्या, "झालं का तुझं काम?" आम्ही दोघी हसलो. मला थोडे रडूही आले.

काकू दिवाळीनंतरही थांबल्या. पोराला त्यांनी तात्पुरते वाचनालयात घातले. त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही.

पुढचे सगळे सरळ होते, फक्त हळू. फेब्रुवारीत समितीची निवडणूक झाली. एप्रिलमध्ये आत्याबाईंचे सभासदत्व मंजूर झाले. मग त्यांनी आणि काकूंच्या यजमानांनी मिळून अदलाबदलीचा अर्ज दिला. समितीने नाहरकत दिली, अदलाबदलीचा दस्त नोंदला, दोन्ही घरांपैकी ज्याची किंमत जास्त त्यावर मुद्रांक शुल्क भरले. २०२४ च्या जूनच्या शेवटी, चातुर्मास लागायच्या आत, सामान खाली आले.

तुमच्या उपयोगाला येतील अशा काही गोष्टी इथे लिहून ठेवते:

घरात कुणी सभासद वारले असेल तर नाव बदलायचे काम लांबवू नका. आदर्श उपविधीत नामनिर्देशित व्यक्तीने सहा महिन्यांत अर्ज करावा असे आहे. आम्ही दोन वर्षे गप्प होतो.

वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतर होताना संस्थेला प्रीमियम घेता येत नाही. दोन सभासदांनी आपसात घरे बदलली तरी घेता येत नाही. एरवी विक्रीत महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. आमच्याकडेही 'विकासनिधी' म्हणून मागणी झाली होती. ह्यांनी उपविधी दाखवल्यावर ती मागे घेतली गेली.

कोणताही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

नामनिर्देशनात एकाहून जास्त नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. ते कधीही बदलताही येते. आज उठून आपल्या घरच्या नामनिर्देशनात काय आहे ते पाहा. आणि नाव कुणाचेही असो, कायद्याने ज्यांचा वाटा आहे त्या सगळ्यांशी आधी बोला. मुलींशीसुद्धा. मुलींशी आधी.

नवे भाग प्रमाणपत्र अजून आलेले नाही. ते पुढच्या बैठकीनंतर मिळेल म्हणतात. पण नामनिर्देशनाचा कोरा नमुना सचिवांनी लगेच आणून दिला. आत्याबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि चार नावे सांगितली. प्रत्येकापुढे पंचवीस. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "आधी थोरलीचं लिहिलंस ना?" मी लिहिले होते.

आता दारापुढे दोनच पायऱ्या आहेत. सकाळी पाणी गाळून झाले की त्या काठी घेऊन एकट्याच मंदिरात जाऊन येतात. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा वरण केले होते. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय."

जय जिनेंद्र.